शेवटी ट्रक कोण अडवतो? एजंट कुमार कादंबरीत काय पाहतात

ऐरोलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी विचारले आहे की, मुलांसाठी आणि किशोरांसाठी लिहिलेल्या कादंबरीत लिटररी एजंट, म्हणजे लेखकाच्या वतीने पुस्तक प्रकाशकांना विकणारे मध्यस्थ, नेमके काय शोधतात आणि मराठीत लिहिणाऱ्याला एजंटची गरज असते का. त्यांच्या कादंबरीचा नायक तेरा वर्षांचा आहे, ती ठाणे खाडीच्या काठी घडते, तिची लांबी सुमारे ४५,००० शब्द आहे आणि पहिल्या काही प्रकरणांचा इंग्रजी अनुवादही त्यांनी करून घेतला आहे. प्रश्नासोबत त्यांनी कथानकाचा सारांश आणि पहिले प्रकरण दिले आहे. मुलांच्या पुस्तकांचे संपादन करणे आणि एजन्सीकडे आलेली हस्तलिखिते वाचून अभिप्राय देणे हेच नौपाड्यातल्या घरी बसून चालणारे माझे काम असल्यामुळे उत्तर जरा विस्ताराने देते.

दुसरा प्रश्न आधी घेते, कारण त्याचे उत्तर लहान आहे. मराठी पुस्तक मराठीतच काढायचे असेल तर एजंटची गरज नाही. आपल्याकडे लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये एजंट असण्याची पद्धत रुजलेलीच नाही. लेखक थेट प्रकाशकाकडे हस्तलिखित पाठवतो आणि तिथला संपादक, पुष्कळदा खुद्द प्रकाशकच, ते वाचतो. एजंटचा विचार सुरू होतो तो इंग्रजी अनुवाद, परदेशी हक्क किंवा चित्रपट आणि मालिका यांच्या बाजूने. रायटर्स साइड, जॅकरांडा, रेड इंक, अ सूटेबल एजन्सी अशा काही एजन्सी भारतात आहेत आणि त्यांचे बहुतेक काम इंग्रजीत चालते. ब्रिटन-अमेरिकेतले बहुतेक मोठे प्रकाशक एजंटशिवाय आलेले हस्तलिखित वाचायलाही घेत नाहीत. आपल्याकडे मात्र चेन्नईच्या तूलिकासारखे मुलांच्या पुस्तकांचे प्रकाशक थेट लेखकाकडून लेखन स्वीकारत आले आहेत. प्रत्येकाच्या अटी आणि हस्तलिखिते घेण्याचे दिवस वेगळे असतात, तेवढे त्यांच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. यापुढे मी ‘एजंट’ म्हणेन तिथे मराठी प्रकाशकाचा संपादकही धरावा, कारण वाचताना दोघांची नजर जवळपास एकाच ठिकाणी अडते.

एजंट काय शोधतो हे कळायला त्याचे पोट कशावर चालते ते पाहावे लागते. तो लेखकाकडून वाचण्याचे पैसे घेत नाही. पुस्तक विकले गेले तर लेखकाच्या उत्पन्नातून साधारण १५ टक्के आणि परदेशी किंवा अनुवादाच्या हक्कांवर बहुधा २० टक्के घेतो. आता हिशेब करून पाहा. २९९ रुपये किंमतीच्या पुस्तकाच्या २,००० प्रती खपल्या आणि छापील किंमतीवर १० टक्के मानधन ठरलेले असले, तर लेखकाला ५९,८०० रुपये मिळतात आणि त्यातले ८,९७० रुपये एजंटच्या वाट्याला येतात. चित्रपुस्तक असेल तर मानधन चित्रकाराबरोबर वाटले जाते, म्हणजे ही रक्कम आणखी खाली उतरते. एवढ्यासाठी कोणी हस्तलिखित तीनदा वाचून, दुरुस्त्या सुचवून, दहा संपादकांच्या मागे लागणार नाही. म्हणून एजंटच्या मनात पहिल्या पानापासून एक प्रश्न चालू असतो: ही बाई दुसरे आणि तिसरे पुस्तक लिहील का, आणि या पुस्तकाचे हक्क आणखी कुठे विकता येतील का? इटलीतल्या बोलोन्या शहरात १९६४ पासून मुलांच्या पुस्तकांचा जो मेळा भरतो, तो मुख्यतः अशा हक्कांच्या देवघेवीचा बाजार आहे. गोष्ट ऐरोलीची असण्याने तिथे काहीच बिघडत नाही. गोष्ट नेमक्या कोणत्या मुलाची आहे हे दोन वाक्यांत सांगता आले नाही, तर मात्र बिघडते.

आता तुमच्या कादंबरीकडे येते. सारांशाप्रमाणे वेदांत ऐरोलीच्या सेक्टरमधल्या फ्लॅटमध्ये राहतो आणि सुट्टीच्या दिवशी दिवा कोळीवाड्यात आजोबांकडे जातो. रात्री ट्रक येऊन खारफुटीत बांधकामाचा राडारोडा टाकतात, हे त्याच्या आणि त्याची मैत्रीण मानसीच्या लक्षात येते. दोघे पाळत ठेवतात, ट्रकचे नंबर लिहून घेतात, एकदा पकडले जाता जाता वाचतात. मग वेदांतच्या मामाचे मित्र, जे वन खात्यात अधिकारी आहेत, रात्री पथक घेऊन येतात, ट्रक पकडले जातात, वर्तमानपत्रात बातमी येते आणि शाळेत मुलांचा सत्कार होतो.

विषय उत्तम आहे, ठिकाण तर त्याहून उत्तम आहे आणि तरीही एजंट हे हस्तलिखित मामाच्या मित्राच्या प्रवेशापाशी मिटेल. दीडशे पाने ज्या मुलाच्या खांद्यावरून आपण पाहत आलो, त्याला शेवटी बाजूला उभे करून एका मोठ्या माणसाने काम उरकले आहे. मुलांच्या हस्तलिखितांत मला सर्वांत जास्त वेळा दिसणारी गोष्ट हीच: लेखक मुलाला गोष्ट बघायला देतो, करायला देत नाही. एजंट जे शोधतो ते सगळे मला विचाराल तर इथे येऊन थांबते. कळीचा निर्णय मुलाने घेतला का, तो घेताना त्याला काही गमवावे लागले का, आणि कथन त्या मुलाच्या समजुतीत राहिले का, एवढे तो पाहतो. वयोगट, लांबी, भाषा, पत्र या सगळ्यांची उत्तरे यातूनच निघतात.

यावर लेखक म्हणतात की, तेरा वर्षांचा मुलगा ट्रक कसा अडवणार, ते खोटे वाटेल. आक्षेप बरोबर आहे आणि कोणताही एजंट मुलाने एकट्याने ट्रक अडवावेत असे म्हणणार नाही. अधिकारी, पोलीस, नगरसेवक सगळे गोष्टीत असू द्यावेत. सत्ता त्यांच्याच हाती असते हे मुलांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते. मात्र अधिकारी दारात येण्याआधी मुलाला असे काही ठरवावे लागावे, जे त्याच्याऐवजी दुसरे कोणी ठरवू शकत नाही. तुमच्या सारांशातच अशी जागा आहे आणि तुम्ही ती एका वाक्यात सोडून दिली आहे: मानसीचे वडील त्या ट्रकवाल्या कंत्राटदाराकडे सुपरवायझर आहेत. कादंबरी तिथे आहे. वेदांतच्या वहीत ट्रकचे नंबर आहेत, ती वही दिली तर मानसीच्या घरची नोकरी जाणार, नाही दिली तर आजोबांची खाडी भरत जाणार, आणि मानसीला हे त्याच्याआधी कळले आहे. आता तो काय करतो? तो वही देईल, लपवेल, मानसीच्याच हातात सोपवेल किंवा एक पान फाडेल. यातले काहीही चालेल, फक्त ते त्याने करावे आणि त्याची किंमत पुढच्या प्रकरणात दिसावी. ट्रक शेवटी अडले का, हा मग दुय्यम प्रश्न होतो. ते एका रस्त्याने बंद होऊन दुसऱ्या रस्त्याने येऊ लागले तरी वाचकाला फसवल्यासारखे वाटणार नाही. सत्काराचे प्रकरण मात्र निःसंकोच काढून टाकावे. आपल्याकडे मुलांच्या गोष्टीचा शेवट मुख्याध्यापकांच्या भाषणाने करण्याची हौस इतकी जुनी आहे की, ते भाषण आले की मुले पान उलटतात आणि एजंट तर आधीच उठून गेलेला असतो.

कथन मुलाच्या समजुतीत राहणे म्हणजे काय, हे तुमच्या पहिल्या पानावरच दाखवता येते. तुमची सुरुवात पहाटेच्या खाडीच्या वर्णनाने होते, मग खाडीचा इतिहास येतो, मग आजोबा ‘निसर्ग ही आपली माता आहे’ असे सांगतात आणि वेदांत ‘विचारमग्न’ होतो. वाक्ये स्वच्छ आहेत. मात्र ती पन्नाशीच्या आसपासच्या, निवांत बसलेल्या माणसाची आहेत. तेरा वर्षांचा मुलगा पहाटे पाचला खाडीवर असेल तर त्याला झोप, भूक, चिखलाचा वास आणि आपल्याला इथे का आणले याचा राग आधी जाणवेल. याउलट तुमच्या तिसऱ्या पानावर, वर्णन संपल्यानंतर, हा मजकूर आहे (पाग म्हणजे हाताने पाण्यात फेकायचे मासेमारीचे जाळे):

‘आजोबांची पाग मी लपवली होती. गेल्या आठवड्यात ते चिखलात पडले ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आता ते मलाच विचारत होते, पाग बघितलीस का रे?’

कादंबरी इथून सुरू करावी. दोनच वाक्यांत मुलगा आहे, त्याने केलेली एक लबाडी आहे, तिच्यामागे माया आहे, त्याच्या पोटात एक गुपित आहे आणि समोर उत्तराची वाट पाहत उभा असलेला माणूस आहे. खाडी वेगळी सांगावी लागत नाही. पाग आली की खाडी आली. शिवाय जो मुलगा पहिल्या पानावर प्रेमापोटी वस्तू लपवतो, तोच पुढे वही लपवण्याच्या पेचात सापडतो, म्हणजे सुरुवात आणि पेच यांचा धागा आपोआप जुळतो. एजंट बहुधा पहिली तीन प्रकरणे किंवा पन्नासेक पाने मागवतो, परंतु खरा कौल पहिल्या दोन-तीन पानांवर लागतो. ज्याच्याकडे रोज नवी हस्तलिखिते येतात, तो पाचव्या पानावर सुरू होणाऱ्या गोष्टीची वाट पाहत बसत नाही. वाशीहून ठाण्याच्या गाडीत मोबाइलवर वाचणारा मुलगाही पाहत नाही.

माहितीचेही तसेच. तुम्ही विज्ञान शिकवता, त्यामुळे दुसऱ्या प्रकरणात पाटील सर मुलांना ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले, २०२२ मध्ये खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या, पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला, खारफुटीची मुळे गाळ धरून ठेवतात, हे सगळे सलग दोन पाने सांगतात. माहिती खरी आहे, पण ती वेदांतला त्या क्षणी नको आहे. तीच माहिती त्याला अडचणीत हवीहवीशी वाटेल अशी ठेवता येते. समजा, तो तक्रार घेऊन एका कार्यालयात जातो आणि खिडकीवरचा कारकून नकाशावर पेन ठेवून म्हणतो, ‘ही जागा आमच्या हद्दीत येत नाही, बाळा.’ आता अभयारण्याची हद्द कुठून जाते, ती कुणी आखली, तिच्या बाहेरच्या खारफुटीला कुणी वाली आहे का, हे सगळे मुलाला स्वतःसाठी शोधावे लागेल आणि वाचकही त्याच्याबरोबर नकाशावर वाकेल. माझा ठोकताळा असा आहे की, मुलाने न विचारलेली माहिती चार ओळींहून लांबली की ती धडा होते.

वयोगटाबाबत मराठीत आपण ‘बालकुमार’ म्हणून मोकळे होतो, इंग्रजीकडे जाताना मात्र नेमके सांगावे लागते. तीन ते सात वर्षांच्या मुलांची चित्रपुस्तके बहुधा ३२ पानांची असतात. त्यापुढे नुकती स्वतः वाचू लागलेल्या मुलांची छोटी प्रकरणे असलेली पुस्तके येतात. मग आठ ते बारा वयासाठीचे मिडल ग्रेड आणि साधारण चौदापासून पुढचे यंग अडल्ट. मिडल ग्रेडची कादंबरी साधारण ३०,००० ते ५५,००० शब्दांत आणि यंग अडल्टची ५०,००० ते ८०,००० शब्दांत बसते. अद्भुत कथा लांबतात. भारतीय प्रकाशकांचा कल बहुधा याहून आटोपशीर लांबीकडे असतो. मुलांना आपल्यापेक्षा एक-दोन वर्षांनी मोठ्या नायकाबद्दल वाचायला आवडते, त्यामुळे तेरा वर्षांचा वेदांत दहा ते बारा वयाच्या वाचकाला अगदी योग्य आहे. परंतु तुमच्या उत्तरार्धात मानसीबद्दलची ओढ, वडिलांचे दारू पिणे आणि एक बऱ्यापैकी भीषण मारहाण आहे, आणि तिथे कादंबरी पंधरा वर्षांच्या वाचकाशी बोलू लागते. असा मधला तेरा-चौदाचा पट्टा विकायला सर्वांत अवघड, कारण दुकानात आणि शाळेच्या ग्रंथालयात त्याचा कप्पाच नसतो. तुम्हाला एका बाजूला यावे लागेल. माझे मत विचाराल तर खाली यावे: वेदांत बारा वर्षांचा करावा, मारहाण दाराआडून ऐकू यावी, ओढ मैत्रीतल्या हक्काइतकीच ठेवावी. पाग लपवणारा मुलगा बाराचाच वाटतो.

लांबीचा एक व्यावहारिक मुद्दा इथेच सांगते. आपण विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहितो, इंग्रजीत ती सुटी होतात. त्यामुळे मराठी मजकूर इंग्रजीत गेला की शब्दसंख्या चांगलीच फुगते, माझ्या पाहण्यात चतुर्थांश ते तृतीयांश. तुमचे ४५,००० शब्द इंग्रजीत ५६,००० ते ६०,००० होतील, म्हणजे मिडल ग्रेडच्या वरच्या मर्यादेबाहेर जातील. पाटील सरांचे व्याख्यान, पहाटेचे वर्णन आणि सत्कार गेले की बरेचसे काम होते. मराठी प्रकाशकाच्या दृष्टीनेही हे हिताचेच आहे, कारण पाने वाढली की किंमत वाढते आणि मुलांच्या पुस्तकाची किंमत पालक हातात घेऊन उलटसुलट पाहतात.

तरीही तुम्ही वरच्या वयोगटाकडे जायचे ठरवले, तर एजंटच्या अपेक्षा बदलतात. किशोरवयीन वाचकाच्या कादंबरीत प्रसंगापेक्षा आवाज आधी विकला जातो: बोलणारी व्यक्ती पहिल्या परिच्छेदात कानाला ओळखू आली पाहिजे. विषय कितीही काळोखे चालतात. शरीर, जात, नैराश्य, घरातली हिंसा, प्रेम, परीक्षेचे ओझे, काहीही. अट एवढीच असते की, लेखक त्या वयाकडे वरून पाहत नसावा. लैंगिकतेच्या बाबतीत मात्र भारतीय प्रकाशक जपून असतात आणि त्याला केवळ पालकांची भीती कारणीभूत नाही. बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे, आणि अल्पवयीन पात्रांचे शारीरिक प्रसंग कसे लिहिले आहेत हे संपादक वकिलाच्या नजरेनेही वाचतो. ओढ, संकोच, मत्सर, फसवणूक हे सगळे लिहिता येते. वर्णनाने सनसनाटी साधू पाहणारे हस्तलिखित परत येते. दुसरी गोष्ट म्हणजे त्या वयाची बोली. शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरची भाषा जशीच्या तशी उतरवण्याचा मोह होतो, पण तुमचे पुस्तक छापून येईपर्यंत दीड-दोन वर्षे जातात आणि तोवर ते शब्द मुलांनी टाकून दिलेले असतात. शब्दांऐवजी बोलण्याची पद्धत पकडावी: अर्धवट सोडलेली वाक्ये, विषय बदलणे, आईशी एक आणि मैत्रिणीशी दुसरी भाषा. ठाण्या-नवी मुंबईतली इंग्रजी माध्यमाची मुले मराठी-हिंदी-इंग्रजी मिसळून बोलतात. संवादात ती मिसळ येऊ द्यावी आणि निवेदन एका भाषेत घट्ट ठेवावे.

आजोबांच्या आगरी-कोळी बोलीबद्दल तुम्हाला शंका वाटते, पण ती कादंबरीची मोठी जमेची बाजू आहे. निवट्या, चिंबोऱ्या, बोय ही खाडीतल्या मासळीची नावे तशीच ठेवावीत, तळटीप देऊ नये, प्रसंगातून ती कळतात. फक्त दोन पथ्ये पाळावीत. बोली सातत्याने यावी. पहिल्या प्रकरणात ती आणि पाचव्या प्रकरणात आजोबा सदाशिव पेठेत, असे होऊ नये, आणि तुमच्या हस्तलिखितात ते थोडेसे झाले आहे. आणि कोळीवाड्यात राहणाऱ्या एखाद्या जाणत्या माणसाकडून, शक्य झाल्यास एखाद्या मुलाकडूनही, ते संवाद मोठ्याने वाचून घ्यावेत. ज्या समाजात आपण वाढलो नाही त्याच्याबद्दल लिहिताना आपण कुणाला विचारले होते, हे आता बरेचसे एजंट आणि संपादक पत्रातच विचारतात, आणि तुमच्याकडे त्याचे उत्तर असले पाहिजे.

चित्रे स्वतः काढून किंवा भाच्याकडून काढवून पाठवू नयेत. चित्रकार प्रकाशक निवडतो. अपवाद फक्त लेखक स्वतः व्यावसायिक चित्रकार असण्याचा.

पत्राबद्दल मात्र थोडे थांबावे लागेल. तुमच्या मसुद्याच्या पहिल्या परिच्छेदात आजची मुले वाचत नाहीत, मोबाइलमुळे संस्कार हरवत चालले आहेत आणि म्हणून आपण लेखणी हाती घेतली, असे आहे. एजंटला ही खंत दिवसातून अनेकदा वाचावी लागते आणि तिच्यातून गोष्टीबद्दल काहीच कळत नाही. पत्र एका पानाचे असावे. सुरुवातीला नाव, वयोगट, शब्दसंख्या आणि प्रकार. नंतर दोन-तीन वाक्यांत मुलगा, त्याला काय हवे आहे, आड काय येते आणि त्याला काय निवडावे लागते. उदाहरणार्थ: ‘बारा वर्षांच्या वेदांतने खाडीत राडारोडा टाकणाऱ्या ट्रकचे नंबर वहीत टिपले आहेत. ती वही दिली तर त्याच्या जिवलग मैत्रिणीच्या वडिलांची नोकरी जाईल. लपवली तर त्याच्या आजोबांना पाग टाकायला पाणीच उरणार नाही.’ एवढे पुरे आहे. शेवट पत्रात सांगू नये. तो सोबतच्या एक पानी सारांशात सांगावा, आणि तिथे न लपवता सांगावा, कारण सारांश वाचकाची उत्सुकता वाढवण्यासाठी नसतो, कादंबरीचा सांगाडा टिकतो का हे तपासण्यासाठी असतो. त्यानंतर गेल्या चार-पाच वर्षांत आलेल्या दोन पुस्तकांची नावे द्यावीत, ज्यांचे वाचक तुमचे पुस्तक उचलतील. जगप्रसिद्ध मालिकांशी तुलना करणारे पत्र लेखकाने अलीकडचे काही वाचलेले नाही एवढेच सिद्ध करते. शेवटी स्वतःबद्दल तीन वाक्ये. तुम्ही शिक्षिका आहात हे जरूर लिहावे, कारण शाळांमधून होणारी विक्री मुलांच्या पुस्तकाला मोठा आधार असतो आणि वर्गासमोर उभे राहून बोलू शकणारा लेखक प्रकाशकाला हवा असतो. ‘माझ्या विद्यार्थ्यांना फार आवडली’ हे मात्र लिहू नये. बाईंनी वाचून दाखवलेली गोष्ट आवडली नाही असे सांगणारा विद्यार्थी अजून मला भेटायचा आहे.

तुम्ही हस्तलिखित जुन्या फाँटमध्ये टाइप केले आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधली फाइल समोरच्याच्या यंत्रावर नुसती चिन्हांची गिचमिड होऊन उघडते आणि ती दुरुस्त करून घेण्याचे कष्ट कोणी घेत नाही. सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणावा. रूपांतर केल्यावर जोडाक्षरे आणि रफार यांची घाण राहते, ती डोळ्यांनी तपासून काढावी, आणि वर्डच्या फाइलसोबत पीडीएफही जोडावी.

पाठवण्याआधी आणखी एक काम सुचवते, कारण ते तुमच्या हाताशी आहे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात; ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय तर १८९३ पासूनचे आहे. गेल्या काही वर्षांतले अंक आणि नवी कुमार पुस्तके सलग वाचली की, कोणत्या विषयांची गर्दी आहे आणि तुमची खाडी कुठे वेगळी पडते, हे पत्रात सांगण्याजोगे काहीतरी तुमच्या हाती लागेल. पाग लपवण्याचा प्रसंग स्वतंत्र कथा म्हणून एखाद्या मासिकाकडे किंवा दिवाळी अंकाकडे पाठवण्यासारखाही आहे. छापून आला तर पत्रात एक ओळ वाढते.

एकाच वेळी अनेक एजंटना पाठवायला हरकत नाही, तसे पत्रात लिहावे म्हणजे झाले. बहुतेकांकडून उत्तर येणार नाही. तीनेक महिन्यांनी एक नम्र स्मरणपत्र पाठवावे आणि त्यानंतरही शांतता असेल तर नकार समजावा. ठराविक साच्याचा नकार आला तर त्यात अर्थ शोधू नये. पण एखाद्याने दोन ओळी स्वतः लिहिल्या असतील, उत्तरार्ध ढिला वाटला किंवा आवाज आवडला असे काही, तर ते गांभीर्याने घ्यावे, कारण तेवढा वेळ कोणी उगाच देत नाही. जो ‘एजंट’ वाचनशुल्क, नोंदणी किंवा छपाईचे पॅकेज मागतो, त्याच्याशी पुढे बोलू नये.

प्रकाशकाचा होकार आला तर सही करण्याआधी करार नीट वाचावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. कराराच्या कागदावर मात्र बहुधा ‘कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, जगभर’ असे छापलेले असते आणि आपल्याकडे ही मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालते. मराठी प्रकाशकाला मराठी छापील आणि ई-पुस्तकाचे हक्क द्यावेत. अनुवाद, श्राव्य पुस्तक आणि चित्रपट-मालिका यांचे हक्क स्वतःकडे राखून ठेवल्याचे वेगळ्या कलमात लिहून घ्यावे. मराठी आवृत्तीच्या करारातच हे हक्क देऊन टाकलेले असतील, तर पुढे इंग्रजी अनुवाद कितीही चांगला झाला तरी एजंटकडे विकायला काही उरत नाही, आणि कादंबरी आवडूनही तो तुम्हाला घेऊ शकत नाही.